पाऊस टाळी

डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं एक बोट. मग दोन, मग तीन, मग चार, मग पाचही. सभागृहात सर आल्यासारखा आवाज होतो. मग पाचावरून उलटं एकावर यायचं, की पाऊस थांबतो. हिला पाऊस टाळी म्हणतात. पहिलीच्या वर्गात मी ती २२ वर्षं घेते आहे. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडून करून घेण्यात आली.

सोबत साठेक जण होते. बहुतेकांची पन्नाशी जवळ आलेली, दोघांच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही, एका गुरुजींच्या नातीचं त्याच संध्याकाळी बारसं. बाहेर खरा पाऊस पडत होता आणि आमच्या शाळा आमच्यावाचून भिजत होत्या.

प्रशिक्षण तीन दिवसांचं. विषय सांगत नाही, कारण विषयाने काही फरक पडत नाही. तालुका सांगत नाही, कारण पुढचं प्रशिक्षणही तिथेच आहे.

मोठ्या माणसांना वर्गात गुंतवून कसं ठेवायचं, हा म्हणे जगभरच्या प्रशिक्षकांना पडलेला प्रश्न. असं आमच्या सुलभकांनी पहिल्याच तासाला सांगितलं. (हल्ली मार्गदर्शक म्हणायचं नाही, सुलभक म्हणायचं. काम तेच, फक्त माइक हातात धरण्याऐवजी कॉलरला लावतात.) त्यांच्याकडे उत्तरही तयार होतं. दर ४० मिनिटांनी एक ऊर्जावर्धक खेळ.

दर ४० मिनिटांनी आम्ही उठलो. एकदा जंगलातले प्राणी झालो. एकदा डोळे मिटून धबधबा ऐकला. एकदा प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून एक भाजी सांगायची होती. माझ्या शेजारच्या गुरुजींचं नाव ‘ज्ञ’पासून सुरू होतं. ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाजी शोधत होते. कपाळाला आठ्या, नजर छताला. सुलभकांनी त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, “बघा, याला म्हणतात गुंतणं.”

दुसऱ्या दिवसाचा अहवाल लिहायची पाळी माझ्यावर आली. ज्यांनी प्रशिक्षणं खाल्लेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दर सकाळी परिपाठ झाला की आदल्या दिवसाचा अहवाल वाचायचा असतो. सुरुवात चारोळीने, शेवट सुविचाराने, आणि मधे ‘उत्साहात’, ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ आणि ‘बहुमोल मार्गदर्शन’ हे तीन शब्दप्रयोग एकदा तरी आलेच पाहिजेत. पहिल्या दिवसाचा अहवाल एका सरांनी वाचला. त्यात चहा ‘सुमधुर’ होता. तो चहा मीही प्यायले होते.

तेव्हा ठरवलं, आपण लिहू ते खरं लिहू. वही काढली. त्या वहीतलं काही इथे देते आहे, कारण अहवालात ते राहिलेलं नाही. का, ते शेवटी कळेलच.

पहिली नोंद त्रिकोणाची. अकराच्या सुमाराला पडद्यावर तो आला. तुम्हीही पाहिला असेल. बँकेत असाल, कारखान्यात असाल, विमा विकत असाल, तरी त्रिकोण चुकत नाही. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, ऐकून-पाहिलेलं ५०, बोललेलं ७० आणि केलेलं ९०. आकडे किती आज्ञाधारक आहेत पाहा. कुठे १७ नाही, कुठे ४३ नाही. माणसाची आठवण रेशनच्या मापाने, दहा-दहाच्या पटीत भरून मिळते.

या त्रिकोणाचे मूळ पुरुष एडगर डेल. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ते शिकवत. दृकश्राव्य साधनांवरच्या १९४६ सालच्या पुस्तकात त्यांनी एक शंकू काढला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. त्यात टक्का एकही नव्हता. शंकू फार शब्दशः घेऊ नका, असंही त्यांनी बजावून ठेवलं होतं. टक्के मागाहून चिकटले. ज्याने शंकू काढला त्याला आकडे सुचले नाहीत, आणि ज्यांना आकडे सुचले त्यांना पुस्तक उघडावंसं वाटलं नाही.

पण माझं भांडण टक्क्यांशी नाही. ऐकलेलं फक्त २० टक्के उरतं, हे त्यांनी आम्हाला ५० मिनिटं बोलून सांगितलं. त्यांच्याच हिशेबाने ४० मिनिटं वाया. उरलेली १० मी हा हिशेब करण्यात घालवली.

पुढच्या स्लाइडवर संवादाची वाटणी होती. शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. अल्बर्ट मेहराबियन यांचे मूळ प्रयोग १९६७ सालचे. एकेकटा शब्द, तो उच्चारणाऱ्याचा आवाज आणि चेहऱ्याचे फोटो, एवढ्यावरून समोरच्याची आवड-नावड ओळखता येते का, एवढाच त्यांचा जीव. तिथून आकडे निघाले ते थेट आमच्या तालुक्यात येऊन सगळ्या बोलण्याला लागू झाले. शेजारचे गुरुजी पुटपुटले, “म्हणजे सातवीचं व्याकरण मी हातवारे करून शिकवलं तर ९३ टक्के पोर्शन पूर्ण.”

ही स्लाइड राज्याने जिल्ह्याला दिली, जिल्ह्याने तालुक्याला, आणि तालुका आता केंद्राला देणार. लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो, तोच प्रकार; फक्त इथे प्रत्येक कानाला भत्ता मिळतो. चौदाव्या स्लाइडवर ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘विध्यार्थी’ असा छापला होता. वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी पोहोचलेली तेवढी एकच गोष्ट.

सुलभकांना बोल लावायचा नाही मला. वयाने माझ्या मुलाएवढे. नाव कुणी आणि का कळवलं हे त्यांनाही माहीत नाही. आदेश आला, गेले. त्यांच्याकडून जिल्ह्याला तीन दिवस टाळ्या वाजवून घेतल्या, त्या ते आमच्यावर उतरवत होते. आणि गंमत अशी की या मुलाचा शाळेतला वर्ग मी पाहिलेला आहे. तिथे तो टाळ्या कमी आणि प्रश्न जास्त घेतो. दहा वर्षांच्या पोरांना तो मोठ्या माणसांसारखं वागवतो. मोठी माणसं समोर आली, की त्याला जिल्ह्याची स्लाइड आठवते.

स्लाइडवर माल्कम नोल्सही होते. मोठी माणसं शिकतात कशी, यावर आयुष्य घालवलेले हे अमेरिकन गृहस्थ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या माणसाला आधी ‘हे कशासाठी?’ कळलं पाहिजे. तो कोरी पाटी घेऊन येत नाही, अनुभवाचं गाठोडं घेऊन येतो. शिकलेलं त्याला लगेच वापरायचं असतं. आणि आपल्याला कुणी हाकतंय असं वाटलं, की तो अंग चोरतो. यात न पटण्यासारखं काय आहे? आमच्या सुलभकांनी चारही मुद्दे वाचून दाखवले. ‘प्रौढांना अनुभव असतो’ हे वाक्य आम्हाला दोनदा म्हणायलाही लावलं. साठ जणांची सरासरी वीस-वीस वर्षं धरली तरी १२०० वर्षांचा अनुभव त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसला होता. त्याला उद्देशून आलेलं पुढचं वाक्य: “आता सर्वांनी तोंडावर बोट.”

नोल्स यांच्या १९७० सालच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात मोठ्यांचं शिक्षण ‘विरुद्ध’ मुलांचं शिक्षण असा सामना लावलेला होता. शाळेतले शिक्षक त्यांना सांगू लागले, की तुमच्या मोठ्यांच्या पद्धती आमच्या मुलांनाही चालतात. १९८०च्या आवृत्तीत त्यांनी तो ‘विरुद्ध’ काढून टाकला. तिकडे मोठ्यांचं ते मुलांना दिलं गेलं. आम्ही मुलांचं उचललं आणि मोठ्यांना घातलं. खांद्यात घट्ट होतंय, अशी तक्रार केली तर सांगतात, हात वर करा, टाळी वाजवा, सैल होईल.

मग गटचर्चा. साठ जणांचे पाच गट, म्हणजे गटात बारा. बारभाई म्हणतात ते हेच. तक्ता कोण लिहिणार? अक्षर चांगलं असलेल्या बाई. सादर कोण करणार? दर प्रशिक्षणात सादर करणारे तेच सर. फोटो कोण काढणार? ज्यांचा कॅमेरा ठिकाण आणि वेळ छापतो ते. उरलेले नऊ जण चर्चा करतात. माझ्या गटात त्यातल्या चौघांनी पोषण आहाराची माहिती भरली, एकाने म्हशीचा सौदा पूर्ण केला.

फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन नावाचे एक कृषी अभियंता होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली तो छापला. एकटा माणूस ओढतो तो पूर्ण धरला, तर आठ जण मिळून ओढताना दरडोई जोर जवळजवळ निम्म्यावर आला होता. ज्याने कधी आठ जणांना एक कपाट हलवताना पाहिलंय त्याला हे सांगायला फ्रेंच अभियंता लागत नाही. आमच्याकडे गटात बारा होते, आणि दोराच्या जागी एक स्केचपेन. ते एका वेळी एकच जण धरू शकतो.

बरं, गट लहान का करत नाही? पाचच तक्ते आले होते.

पुढची नोंद सेकंदांची. ‘काही शंका?’ आणि ‘नाही ना? चला पुढे’ ही आमच्याकडे दोन वाक्यं नाहीत, एकच सामासिक शब्द आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून १९७०च्या दशकात मांडलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतो. मग स्वतःच उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याकडे वळतो. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर उत्तरं लांब येतात, कधी न बोलणारी मुलं बोलतात, आणि मुलं उलट प्रश्न विचारू लागतात. खर्च दोन सेकंद. त्याला ना तक्ता लागतो ना प्रोजेक्टर, आणि म्हणूनच त्याची निविदा निघत नसावी.

मी दुसऱ्या दिवशी सुलभकांचे सेकंद मोजले. एकही भरला नाही. मग प्रशिक्षण संपल्यावर शाळेत आले तेव्हा खिडकीत मोबाइल ठेवून स्वतःचेही मोजले. माझाही भरत नाही. हे मी अहवालात लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते काढायची वेळ आली नाही.

मोबाइलवरून आठवलं. ‘मोबाइल बंद ठेवा’ ही पहिली सूचना. हजेरीची लिंक मोबाइलवर, पूर्वचाचणी मोबाइलवर, उत्तरचाचणी मोबाइलवर, आणि दुपारी अडीच वाजता वरिष्ठ कार्यालयाचा संदेश, ‘अमुक माहिती तात्काळ भरा’, तोही मोबाइलवर. जेवणात मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. अडीच वाजता दिवे मालवून प्रेरणादायी चित्रफीत. मोठी माणसं दुपारी गुंतत नाहीत, ही खरोखर गंभीर समस्या आहे.

आम्ही मुळातच झोपाळू, असा कुणाचा समज व्हायला नको. याच सभागृहात, याच खुर्च्यांवर, याच बंद पंख्यांखाली आम्ही निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसतो, तेव्हा डास मारल्याचाही आवाज येतो. तिथे कुणी जंगलातला प्राणी होत नाही. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. मग व्हीव्हीपॅटमधल्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढायच्या, त्यांच्यावर शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायचं, आणि मगच खरं मतदान. ‘क्लिअर’ राहून गेलं, की तुमचं नाव अख्ख्या जिल्ह्याला पाठ होतं. त्या दिवशी निवृत्तीला आलेले गुरुजीही उठून विचारतात, ग्रीन पेपर सीलची सही कोणत्या बाजूला? १७ सीमध्ये आकडा चुकला तर खोडायचा की गोल करायचा? मॉक पोलमध्ये प्रतिनिधी आलाच नाही तर? रात्री दहाला एकमेकांना फोन होतात. आदल्या वेळी कुणाकडून काय चुकलं, याच्या कथा केंद्रावरच्या सतरंजीवर पहाटेपर्यंत चालतात. पोरं इतिहास अशी पाठ करती, तर...

भीतीने शिकवा, असं मी म्हणत नाही. भीतीने शिकलेलं पेटी जमा केली, की त्याच ट्रकमध्ये राहून जातं. पण भीती वजा केली तरी तिथे काहीतरी उरतं. यंत्र हातात मिळतं, ते आठ दिवसांनी आपल्यालाच चालवायचं असतं, आणि शंका विचारली तर ‘छान प्रश्न आहे, टाळ्या’ असं न म्हणता उत्तर देतात.

भीतीशिवाय हे जमतं का? जमलेलं आहे, आणि तेही चिखलात. त्यासाठी इंडोनेशियात जावं लागेल.

तिथे भातावर तपकिरी तुडतुडे पडायचे. सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान द्यायचं, शेतकरी फवारायचा, आणि तुडतुडे वाढायचे. कारण फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर कीटक आधी मरायचे. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. आदेश एका सहीत निघतो. पण ज्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं ‘फवार’ म्हणूनच शिकवलं, त्याला ‘फवारू नको, थांब’ हे कसं शिकवायचं? तोही मोठा माणूस. त्याच्याकडेही गाठोडं आहे, आणि त्यात भरलेलं आपणच दिलेलं आहे.

१९८९ साली तिथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, आणि पेरणीपासून कापणीपर्यंत तेच पीक. आधी चिखलात उतरायचं. पाच-पाच जणांनी रोपं निवडून उंची मोजायची, पाणी पाहायचं, तुडतुडे मोजायचे, कोळी मोजायचे. मग बांधावर येऊन मोठ्या कागदावर ते सगळं काढायचं. मधे भाताचं रोप, एका बाजूला पीक खाणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे. मग वाद. आठवडाभर फवारायचं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. आणि पुढच्या आठवड्यात त्याच शेतात उतरून बघायचं, की आपण शहाणे ठरलो की कसे.

त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बरणीची. शेतकऱ्याने झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत रोपटं, तुडतुडे आणि एक कोळी ठेवायचा. कोण कुणाला खातं, ते सकाळी बघायचं. भाषण शून्य मिनिटं. आणि शिकवणाऱ्यांना एक पथ्य घालून दिलेलं होतं. शेतकऱ्याने किडा समोर धरून ‘हे काय?’ विचारलं, तर नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं, ‘कुठे सापडला? काय करत होता? असे किती होते?’ आम्हा मास्तर लोकांना याचा त्रास मी समजू शकते. उत्तर येत असताना तोंड मिटून उभं राहायचं, म्हणजे ओल्या मिरचीचा ठेचा जिभेवर ठेवून गिळायचा नाही. तरी तिथल्या लोकांनी ते केलं.

शेतीशाळा आपल्याकडेही आल्या. महाराष्ट्रात कापूस, सोयाबीन, तूर यांच्यासाठी त्या भरतात. भावाच्या हट्टाने मी एका गावच्या शेतीशाळेला गेले होते. मंडप होता. बॅनर होतं. खुर्च्या रांगेत, तोंडं व्यासपीठाकडे. शेत मंडपामागे होतं. तिकडे सगळ्यांची पाठ. खाली बारीक अक्षरात एका औषध दुकानाचं सौजन्य. फवारणी कमी कशी करावी, यावर एकाने तासभर सांगितलं आणि शेवटी सौजन्याच्या टोप्या वाटल्या.

दुसऱ्या वर्षी वहिनीबरोबर शेजारच्या गावी गेले. तिथे मंडप नव्हता. दहा-बारा बाया कपाशीत उभ्या, प्रत्येकीने वीस-वीस झाडं वाटून घेतलेली. गुलाबी बोंडअळी शिरली, की फूल उमलत नाही, पाकळ्या आत वळून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. त्याला तिकडे डोमकळी म्हणतात. प्रत्येकीने डोमकळ्या शोधायच्या, उकलायच्या, आतली अळी दाखवायची. कृषी सहायक मुलगी कागद घेऊन मागे मागे फिरत नुसते आकडे लिहीत होती. एक म्हातारी तिला म्हणाली, “ही डोमकळी न्हाई, ही आपली पाण्यानं सडली.” मुलीने डोळे बारीक करून पाहिलं आणि आकडा खोडला. दोन तासांत एकदाही टाळी झाली नाही. हात रिकामे नव्हते.

आणखी एक शाळा सांगून टाकते, लांबवत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर. त्यांना पोथी वाचता यायला हवी होती. कशासाठी शिकायचं, हे कुणी स्लाइडवर दाखवलं नाही. आणि वर्गाची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकाम आवरल्यावर. आमची सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वापाच. ती पत्रकात होती.

आता तासांचं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत, असं म्हटलं. कल्पना चांगली आहे. पण ‘वाढ’ मोजायला यंत्र नाही आणि ‘तास’ मोजायला भिंतीवर घड्याळ आहे. मग काय मोजणार? आमच्याकडे पाण्याच्या टँकरसारखे तास येतात, भरतात, सही होते, जातात.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना कसं वाटलं? काय शिकले? कामावर गेल्यावर वागणं बदललं का? त्याने कामाचा काही फायदा झाला का? आमचा अभिप्राय फॉर्म पहिल्या पायरीवर बसला आहे आणि तिथेच त्याने डबा उघडला आहे. ‘चहा-नाश्त्याची व्यवस्था कशी होती?’ पाच तारे. ‘सुलभकांचं सादरीकरण?’ पाच तारे. ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटलं का?’ होय किंवा खूपच होय. फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, त्यामुळे समाधान १०० टक्के आहे.

शेवटची नोंद चहाची.

दुसऱ्या दिवशी साडेतीनचा चहा. बाहेर पाऊस, म्हणून सगळे पडवीत. पाड्यावरच्या शाळेतल्या एक बाई चहाच्या पिंपाशेजारी उभ्या होत्या. कुणीतरी सहज विचारलं, तुमच्या पहिलीच्या पोरांना पुस्तकातली मराठी कळते का? त्या म्हणाल्या, कशी कळेल, घरात वेगळंच बोलतात. मग काय करता? त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. डावीकडे पोरांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. शब्द कुणी दिले? चौथीच्या पोरींनी, कारण त्याच आधी पहिलीत अडल्या होत्या. रोज पाच शब्द भिंतीवर, आधी त्यांचा, मग आपला. एक सर म्हणाले, अशाने पोरांना प्रमाण भाषा यायला उशीर होईल. बाई म्हणाल्या, माझ्याकडे मागच्या वर्षीच्या वह्या आहेत, बघायला या. सर म्हणाले, येतो. वाद तापला. एकीने विचारलं, चार वर्ग एकट्या सांभाळताना भिंतीला वेळ कुठून काढता? त्यावर तिघांनी तीन उत्तरं दिली. कप विसळायचे राहिले. चौदा जणांनी त्या वहीच्या पानांचे फोटो काढले. आमचे सुलभकही आले, कडेला उभे राहिले, त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि उत्तराला थांबले. हजेरीपत्रकाच्या पाठीमागे ते काहीतरी लिहीत होते.

४० मिनिटं झाली असतील. समन्वयक साहेब दारात येऊन टाळ्या वाजवू लागले. पावसाची नाही, साधी. “चला, चला, आत चला! सत्र सुरू करायचंय!”

आत गेलो. पडद्यावर सत्राचं नाव आलेलं होतं: अनुभवांची देवाणघेवाण. पहिली स्लाइड, देवाणघेवाणीची व्याख्या.

हे सगळं मी त्या रात्री अहवालात लिहिलं. चारोळी घातली नाही. सकाळी परिपाठाआधी समन्वयक साहेबांनी कागद मागितला, वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

“मॅडम, तुमची भाषा फार छान आहे.”

मी वाट पाहिली. तीन सेकंद.

“फक्त हे चहाचं तेवढं काढा. वेळापत्रकात चहा १५ मिनिटांचा आहे, आणि तुमच्यात तो ४० मिनिटं चाललाय. उद्या कुणी तास मोजले तर मी काय दाखवू?”

“आणि त्या बाईंची वही?”

“वही राहू द्या ना. नवोपक्रम म्हणून वेगळा फॉर्म आहे, त्यात भरू. मार्चमध्ये येतो.”

काढलं. त्रिकोणही काढला, दोरही काढला. जागा रिकामी दिसू लागली म्हणून ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ दोनदा घातलं, आणि सुविचारासाठी समोरच्या भिंतीवरचा उचलला. अहवाल दीड मिनिटात वाचून झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. सुलभक उठून म्हणाले, “मॅडमसाठी एक पाऊस टाळी होऊन जाऊ दे.” माझ्याकडे मात्र ते बघत नव्हते.

एक बोट. दोन. तीन. चार बोटांवर आलो, आणि शेजारचे गुरुजी माझ्याकडे झुकले.

“‘ज्ञ’वरून भाजीच नाही हो, मॅडम. परवा बारशाला आलेल्या सगळ्यांना विचारून पाहिलं.”